राजनंदिनीचं उटणं

लक्ष्मीपुरीतल्या काष्ठौषधीच्या दुकानात मी नागरमोथा निवडत उभी होते, आणि मागून एक पोतं आत आलं. पोत्याखाली माणूस होता, तो मला नंतर दिसला. खांद्यावरून उतरवताना पोत्याचं तोंड सुटलं आणि आंबेहळदीची पूड भसकन माझ्या अंगावर आली. साडीवर, हातांवर, गालावर… बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. त्या ओल्या हवेत कैरीसारखा वास दाटून आला.

"लागलं न्हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"हळदीनं काय लागतंय, पावणं?" मी म्हटलं.

तो हसला. माझ्यासोबत आमच्या गल्लीतल्या आक्का आल्या होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत. पदर पुढं करून त्या माझा गाल पुसायला लागल्या. "पूस बाई आधी. तुला चालत न्हाय ती," असं हळू म्हणाल्या, पण त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. त्याचं हसू तिथंच थांबलं. मी आक्कांचा हात बाजूला केला आणि तशाच पिवळ्या गालानं बसमध्ये बसून उचगावला आले.

माझा नवरा सम्राट अपघातात गेला, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. घरी मी आणि माझ्या सासूबाई झुंबरबाई, दोघीच. त्यांचा नवरा तर सम्राट पाळण्यात असतानाच गेलेला. सम्राटचे दिवस झाल्यावर न्हाणीतला चंदनाचा साबण कुणीतरी उचलून ठेवला आणि कपड्यांच्या साबणाची वडी माझ्यापुढं सरकवली. बाई विधवा झाली की तिचं नाकही मेलं, असं लोकांना वाटतं की काय? त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला. त्या रागातच मी साबण करायला शिकले. म्हशीचं दूध आणि वाळा घालून साबण, आणि मसूर डाळ, संत्र्याची साल, गुलाबपाकळ्या, कापूरकाचरी घालून उटणं. सासूबाई डाळ दळून द्यायच्या, साली वाळवायच्या. स्वतःच्या अंगाला मात्र चिमूटभरही लावायच्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात तो मोटारसायकलवरून दारात हजर. दुकानदाराकडून पत्ता काढला होता. नाव अमरसिंह, गाव राधानगरी, घरची शेती, आंबेहळद तिथलीच. सांडलेल्या हळदीची भरपाई म्हणून पिशवीभर पूड घेऊन आला होता. मी म्हटलं, सांडलेली तुमची होती, भरपाई उलटी कशी? तो म्हणाला, हिशेब न जमणाराच माणूस हाय मी.

मग तो येत राहिला. कधी हळद, कधी दूध, कधी बकुळीची फुलं. मी साबण साच्यात ओतत असायची, तो उंबऱ्याशी बसून वास घ्यायचा आणि एकही बरोबर ओळखायचा नाही. वाळ्याला चंदन म्हणायचा. मला वाटायचं, मुद्दाम चुकतोय… म्हणजे मी हसत त्याला पुन्हा हुंगायला लावीन. एकदा वडी देताना बोटाला बोट लागलं. दोघांनीही हात लगेच मागं घेतला नाही. आत सासूबाईंचं जातं थांबलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं.

दिवाळी जवळ आली. राजारामपुरीतल्या प्रदर्शनात आमच्या बचत गटाला टेबल मिळालं. गटाच्या अध्यक्ष आक्काच. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की उटणं राजनंदिनीनंच, म्हणजे मी, करावं, पण पाकिटावर नाव दुसरीचं घालावं. सणाचं, अभ्यंगाचं काम. लोक विधवेच्या हातचं अंगाला लावणार नाहीत.

मी हे अमरसिंहला सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "राधानगरीत विकू की. तिथं कुणाला कळायचं न्हाय."

"काय कळायचं न्हाय?"

तो उंबऱ्यावरची धूळ बोटानं पुसत बसला.

"तुमालाबी लपवायचंच हाय," मी म्हटलं. "मग उद्यापासून येऊ नका."

तो उठला आणि गेला. मोटारसायकलचा आवाज पार दूर जाईपर्यंत मी साचा धरून उभी होते. नंतर बसून पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. सगळ्यांवर माझंच नाव, मोठ्या अक्षरात.

प्रदर्शनाला निघताना मी अबोलीचा गजरा माळला. सासूबाईंनी पाहिलं. चपला घालून माझ्याबरोबर निघाल्या. टेबलाशी बायका यायच्या, वास घ्यायच्या, खूश व्हायच्या. मग आक्का कानाशी लागायच्या, आणि पाकीट परत टेबलावर. एकीनं मला सरळच विचारलं. मी सरळच सांगितलं, "व्हय, नवरा वारलाय माझा. उटणं चांगलंच हाय." ती निघून गेली.

तेव्हा सासूबाई उठल्या. एक पाकीट फोडलं, पाण्यात उटणं कालवलं आणि बाही वर करून स्वतःच्या हाताला चोळायला लागल्या. सावकाश, मनगटापासून कोपरापर्यंत. मग तो हात नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"माझाबी नवरा मेलाय," त्या आक्कांना म्हणाल्या. "मी न्हाय मेले."

भोवतीचा घोळका जवळ सरकला. मग एका म्हातारीनं हात पुढं केला, तिच्या मागून आणखी दोघींनी. सगळ्या वळल्या नाहीत, पण दुपारपर्यंत टेबलापुढं रांग लागली.

त्या रांगेत अमरसिंह होता, शेजारी त्याची आई. त्याचा नंबर आला तेव्हा मी विचारलं, "काय पायजे?"

"मी चुकलो. आईला सगळं सांगितलंय. न लपवता." त्यानं टेबलावरचं एक पाकीट उचललं. "आणि उटणं पायजे. पाडव्याला लावायला."

पाडव्याला नवऱ्याला उटणं बायको लावते. मी त्याच्या आईकडं पाहिलं. त्या पिशवी सावरत शांत उभ्या होत्या.

"लावणार कोण?" मी विचारलं.

"त्येच इचारायला आलोय…"

"लोक माझा हात अपशकुनी म्हणत्यात."

"लोकांच्या अंगाला लावायचं न्हाय. माझ्या लावायचंय."

मी कालवलेल्या उटण्याची वाटी पुढं ओढली. "हा पाडवा आईच्या हातनं भागवा," मी म्हटलं. "पुढचा माझा. आणि मी खसाखसा घासणार, आरडायचं न्हाय."

"न्हाय आरडत," तो म्हणाला.

मी वाटीत बोटं बुडवली, त्याचा हात ओढून घेतला आणि सगळ्यांच्या देखत मनगटावर उटणं चोळलं. आक्का तोंडाला पदर लावून बघत होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं, आणि हात सोडला नाही.