मागे पडणारं घड्याळ

त्यांची पहिली भेट एका शिंकेने झाली. ती घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात शिरली, काउंटरपलीकडच्या तरुणाने डोळ्यावरचं भिंग काढून मान वर केली आणि 'या' म्हणण्याऐवजी तो सणसणीत शिंकला. ती तीन पावलं मागे सरकली आणि दारातच उभी राहिली... श्वास रोखून.

"धूळ आहे हो, साथ नाही," रुमालात नाक खुपसत तो म्हणाला. "आत या ना."

"मी इथूनच सांगते."

"सांगा. पण घड्याळ तेवढं फेकू नका, झेल घेण्यात मी अगदीच कच्चा आहे."

तिला हसू आलं, आणि हसायचं तर श्वास सोडावाच लागतो. तिच्या हिशेबाने ही फार मोठी गोष्ट होती, पण ते त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवून, बांधून देण्याचं तिचं काम. हात असा स्थिर की सुईचा टाका रेसभर इकडचा तिकडे होणार नाही. पण दोन वर्षांपूर्वी बाबा सकाळी पेपर वाचता वाचता गेले. हृदय बंद पडलं, कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. तेव्हापासून कुणाच्या शिंकेचीही तिला धास्ती वाटायची, आणि आपल्या हृदयावर तर ती पहाराच ठेवून होती. छातीत जरा चमक आली, की मनगटावर बोटं टेकवायची आणि ठोके मोजायचे. जिना तर तिने टाकलाच होता, कारण चढलं की धडधडतं. पहिल्या मजल्यालाही लिफ्ट, आणि कामाची खोली मागून घेतलेली तळमजल्यावरची. डॉक्टरांनी तीनदा सगळं तपासून सांगितलं होतं, "हृदय ठणठणीत आहे, आता भीतीचं औषध करा." म्हणून दर बुधवारी ती समुपदेशक बाईंकडे जायची. घरी दादा तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचा. ती हसायची, पण वळून पुन्हा मनगट चाचपायची.

"हे मागे पडतं," घड्याळ काउंटरवर ठेवत ती म्हणाली. "सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत दहा मिनिटं मागे. सगळीकडे उशीर होतो."

"बघतो. दुरुस्ती, तपासणी धरून आठ दिवस माझ्याकडेच राहील."

"आठ दिवस?" तिने रिकामं मनगट मुठीत धरलं. "आणि मी काय करू?"

त्याने खणातून दुसरं घड्याळ काढून दिलं. नाजूक, देखणं... पण सेकंदकाटा नसलेलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीने तिला स्वयंपाकघरात स्टुलावर उभं राहून, भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून ठोके मोजताना पकडलं. "अगं, उतर खाली. हृदयाचं राहू दे, पाय मोडून घेशील," वहिनी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. तिचं घड्याळ मऊ कापडावर उघडून ठेवलं होतं, शेजारी काडीएवढा बारीक दांडा.

"घड्याळात काही दोष नाही," तो म्हणाला. "पण हा चावीचा दांडा बघा. घड्याळ तीन वर्षांचं, दांडा मात्र तीस वर्षं वापरल्यासारखा झिजलाय. चावी बाहेर ओढली की काटे थांबतात, माहितेय ना? कुणीतरी ते रोज थांबवतंय. खूपदा."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सेकंदकाटा बारावर आणून थांबवायचा, नाडी सापडली की चावी आत ढकलायची, मग मोजायचं. बरोबर बारापासून. पंधरा-वीस सेकंद जायचे. दिवसातून तीस-चाळीस वेळा. ही दहा मिनिटं घड्याळ हरवत नव्हतं, तीच हरवत होती.

आणि मग त्या परक्या माणसाला तिने सगळं सांगून टाकलं. बाबा, पेपर, चमक, जिने, लिफ्ट... सगळं. 'काही होत नाही तुम्हाला' हे ठरलेलं वाक्य आता येईल म्हणून ती वाट बघत राहिली. ते आलंच नाही.

"मी दुरुस्त केलेलं घड्याळ रोज संध्याकाळी पाचला बघतो," तो सावकाश म्हणाला. "एकदाच. सारखं बघत बसलं तर काहीच कळत नाही, नुसता जीव टांगणीला लागतो."

"मध्येच बघावंसं वाटत नाही?"

"वाटतं की. मग मी चहा टाकतो."

समुपदेशक बाई महिनाभर हेच सांगत होत्या. काळजीला एक वेळ ठरवून द्या, बाकीच्या वेळी तिला थांबायला सांगा. पण तिथे चहा नव्हता, आणि... असे डोळेही नव्हते.

"मग मी पाचला येऊ?" तिने विचारलं. "माझे ठोके... एकदाच?"

"या. घड्याळाचं आणि तुमचं, दोन्ही एकाच वहीत लिहू."

पहिला दिवस कठीण गेला. सकाळपासून हात सतरा वेळा मनगटाकडे गेला आणि तिने तो सतरा वेळा सुईदोऱ्याकडे वळवला. दुसऱ्या दिवशी हरली, ग्रंथालयाच्या घड्याळावर तीनदा मोजलं, आणि पाचला येऊन प्रामाणिकपणे सांगितलं. त्याने वहीत लिहिलं, 'आज तीन मिनिटं मागे.' तिसऱ्या दिवशी एकदाही नाही. वहीतल्या त्या रेघेखाली त्याने फूल काढलं. ते कोबीसारखं दिसत होतं.

फक्त एक गोष्ट तिला कळेना. "इथेच ठोके का वाढतात?" एका संध्याकाळी तिने घाबरत विचारलं. "चौऱ्याण्णव आलेत. घरी एवढे कधीच नसायचे."

तो भिंग डोळ्याला लावून एका घड्याळात वाकला. ते घड्याळ बंद होतं, आणि उलटं धरलेलं.

घरी तिने हेच वहिनीला विचारलं. वहिनीने हातातली वाटी खाली ठेवली आणि पोट धरून हसली. "डॉक्टरीणबाई, हा आजार मला चांगला ठाऊक आहे. तुझ्या दादामुळे झाला होता मला."

आठव्या दिवशी, शनिवारी, त्याने घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. बक्कल लावायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्तच वेळ लागला.

"उद्या सकाळी चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी द्यायची आहे," तो म्हणाला. "वरून सगळं गाव दिसतं. याल?"

"किती पायऱ्या?"

"एकशे बेचाळीस."

तिचा चेहरा पडला. "नाही जमणार मला."

"बरं. मग चौकात थांबा, मी वरून हात करीन."

रविवारी सकाळी ती चौकात उभी राहिली. वर, घड्याळाच्या बाजूच्या खिडकीत तो दिसला, बोटाएवढा. त्याने हात केला. तिनेही केला. आणि अचानक तिला स्वतःचा सपाटून राग आला. माणूस वर, आपण खाली, मध्ये फक्त एक जिना... आणि आयुष्यभर असाच हात करत राहायचं?

ती आत शिरली. चाळीस पायऱ्यांवर छाती धडधडू लागली. साठाव्या पायरीवर पाचावर धारण बसली. भिंतीला पाठ टेकवून तिने सवयीने चावी चिमटीत धरली. नुसती ओढायची, थांबवायचं, मोजायचं... मग कळेल. काय कळेल? आकडा कळेल. पुढच्या पायरीवर काय होईल हे आकडाही सांगत नाही, डॉक्टरही नाही, कुणीच नाही. बाबांनाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि तरी ते रोज सकाळी मजेत पेपर वाचायचे. हे आठवलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिने चावी सोडली. सेकंदकाटा आपल्या वाटेने पुढे गेला, आणि ती पुढची पायरी चढली. धडधडत, घाबरत, पण चढली. मग पुढची, मग पुढची...

वरच्या दारात ती पोचली तेव्हा केस विस्कटलेले, गाल लालबुंद आणि तोंडभर हसू. त्याच्या हातातलं तेलाचं फडकं खाली पडलं.

"आलात?"

"आले."

"किती ठोके?" त्याने गडबडून खिशातली वही काढली.

"मोजले नाहीत."

वही परत खिशात गेली.

"तुमचे मोजू का?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या मनगटावर बोटं टेकवली. ठोके नुसते उधळले होते.

"अरे बापरे... बरेच आहेत. एवढ्या पायऱ्या चढल्यामुळे?"

"मला वर येऊन तासभर झाला," तो म्हणाला. मग हळूच, "पहिल्या दिवसापासून हे असंच आहे. तू दारात श्वास रोखून उभी होतीस ना, तेव्हापासून. मला तू फार आवडतेस."

"मग मला चौऱ्याण्णव का आले, ते तुला तेव्हाच कळलं होतं."

"कळलं होतं. पण खात्री नव्हती."

"खात्री कुणालाच नसते रे," ती म्हणाली, आणि त्याचं मनगट धरलेला हात तिने सरकवत त्याच्या हातात दिला.

पलीकडे मोठी चाकं खडखडली आणि मनोऱ्याने दहाचे टोले दिले. अख्खा मनोरा थरारला, त्यांच्यासकट. तिने आपल्या घड्याळाकडे पाहिलं. दहा. काल संध्याकाळी पाचपासून तिने ते एकदाही थांबवलं नव्हतं, आणि ते एका सेकंदानेही मागे पडलं नव्हतं.