मागच्या सीटवरची बाई

ही ऐकीव गोष्ट नाही. लोकेंद्र माझा सख्खा मावसभाऊ. भुताखेताचा विषय निघाला की सगळ्यात आधी तोच टर उडवायचा.

आता नाही उडवत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. गोंदिया जिल्ह्यात, गोरेगावजवळ त्याचं गाव. त्या पहाटे आमच्याकडे नारबोद काढतात. चिंध्या-काड्यांची ती बाई गावभर फिरवायची, सगळी रोगराई तिच्या गळ्यात घालायची आणि शिवेबाहेर नेऊन जाळायची.

त्याच्या आईचा, म्हणजे दुलारी मावशीचा नियम होता. नारबोद शिवेपार जाईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. आणि पोटुशी बाईनं तर दाराबाहेर पाऊलही टाकायचं नाही.

रविताला नववा महिना लागला होता.

पहिल्या खेपेला दवाखान्यात नेताना भाड्याची जीप अर्ध्या रस्त्यात बंद पडली. बाळ गेलं. त्यानंतर लोकेंद्रनं जुनी लाल गाडी विकत घेतली, ती एवढ्याचसाठी. पुन्हा कोणाच्या दारात गाडी मागायला जायचं नाही, अशी त्यानं शपथच घेतली होती.

पण गाडीचं ऑइल डांबरासारखं काळं झालं होतं. मेकॅनिक पोळ्यासाठी गावी गेलेला. शेवटी लोकेंद्रनं ऑइल आणि फिल्टर आणून ठेवले. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला आणि पहाटेच अंगणात पोतं अंथरलं.

"लोकू, नारबोद जाऊ दे ना बापू," दुलारी मावशी म्हणाली. "इतली काऊन घाई करून राहिला?"

"माय, डॉक्टरनं कधीबी म्हटलं आहे. तू रविताजवळ बस."

मावशी आत गेली. दाराची कडी लागल्याचा आवाज त्यानं ऐकला.

पुढची चाकं लाकडी ओंडक्यांवर चढवून तो गाडीखाली सरकला. खालचा नट काढला, काळं ऑइल घमेल्यात सोडलं. आता फिल्टर. तो इंजिनाच्या मागे, वर, अडचणीत. दिसत नव्हता. हातानं चाचपडायचं... नळी, पत्रा, पुन्हा नळी... आणि मग पेल्याएवढा गार डबा हाताला लागला.

लांबून डफ वाजत होता.

"घेऊन जा गे नारबोद...! खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद...!"

फिल्टर जाम होता. त्यानं पॉलिश पेपर गुंडाळून जोर लावला, तेव्हा कुठं फिरला. ऑइलचे ओघळ कोपरापर्यंत आले.

आणि त्याला पाय दिसले.

गाडीच्या बाजूला, अगदी जवळ. बाईचे पाय. घोट्यापर्यंत धानाच्या बांधीतला चिखल.

उजेड अजून फुटायचा होता. त्याला वाटलं, रविताच.

"तू काऊन बाहेर आली व? मायनं पाहिलं तर मले शिव्या देईन."

पाय जागचे हलले नाहीत.

"बरं, आलीच आहेस तं तो फडका दे."

फडका आत सरकला. ओला... आणि बर्फासारखा गार.

त्यानं हात पुसले. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइल लावलं, फिल्टर बसवला, हातानंच घट्ट आवळला. मग सहज पुन्हा हात लावून पाहिला.

सैल.

त्यानं पुन्हा आवळला. घाम पुसला. पुन्हा चाचपला...

सैल!

आपणच उलटा फिरवत असू, असं म्हणत त्यानं परत आवळला. ह्या वेळी हात काढलाच नाही. आणि त्याच्या मुठीत तो फिल्टर आपोआप, हळूहळू, उलटा फिरू लागला.

वरून कोणीतरी फिरवत होतं.

त्यानं झटकन तो काढला आणि मोबाईलची बॅटरी वर मारली. वर कोणी नव्हतं. पण जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती! तिच्यावर नवा फिल्टर बसवला असता तर रस्त्यात सगळं ऑइल गळून इंजिन जाम झालं असतं. तेही रविता गाडीत असताना.

 त्यानं ती जुनी रिंग काढली, नवा फिल्टर बसवला. आता फिल्टर जागचा हलला नाही. नट आवळताना जिवात जीव आला आणि तो भरभरून बोलला.

"वाचलो व बाई! आज तू माग. जे मागशील ते देतो."

पाय पहिल्यांदाच हलले.

तेवढ्यात घरातून... बंद दाराच्या आतून... रविताची हाक आली.

"अजी, कोनासंग बोलून राहिले तुमी?"



ते पाय मागच्या दाराकडे वळले. दार उघडलं. बंद झालं. आणि गाडीचा मागचा भाग करकरत खाली दबला.

आत कोणीतरी बसलं होतं.

शिवेवर आरोळी उठली आणि तिच्यातच रविताची किंकाळी मिसळली. कळा सुरू झाल्या होत्या.

आता सांगा, काय करायचं? गावात ह्या घटकेला दुसरी गाडी नाही. माणसं सगळी शिवेवर. आणि दारातल्या गाडीत... ती.

गाडीखालून बाहेर येऊन त्यानं नवं ऑइल ओतलं. मागच्या काचेतून पाहिलं. सीट रिकामी होती, पण खाली दबलेली. होणाऱ्या बाळाची आठवण करून त्यानं गाडी ओंडक्यांवरून उतरवली आणि रविताला पुढे, आपल्या शेजारी बसवलं.

दुलारी मावशीनं मागचं दार उघडलं. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग डोक्यावरून पदर ओढून ती दाराला चिकटून बसली. भरलेल्या एसटीत चौथी बाई बसते ना, तशी. बाकीची अख्खी सीट मोकळी!

 गोंदियाच्या दवाखान्यापर्यंत लोकेंद्रनं आरशात पाहिलं नाही. गाडी मात्र लोण्यासारखी पळाली.

मुलगी झाली. टीना. आई-बाळ दोघी सुखरूप. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर कठीण होतं.

मावशीला मी एकदा विचारलंच. तिनं माझा हात घट्ट धरला. "जीव वाचला ना पोरीचा? मंग इचारू नोको," एवढंच म्हणाली.

आज टीना चालायला लागली आहे. घरी नवी गाडी आली. जुनी लाल गाडी अंगणातच, कुलूप लावून उभी. मागची चाकं बसलेली. गिऱ्हाईकं येतात, चांगली किंमत सांगतात. रविताही मागे लागते, विकून टाका म्हणून.

लोकेंद्र विकत नाही. मागच्या महिन्यात मी त्याला वेड्यात काढलं, तर त्यानं आधी टीना कुठं खेळते आहे ते पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला,

"गाडी गेली तं तिले उतरा लागन ना भाऊ. अन् उतरून ती कोठं जाईन?"