ठणठणीत हाडं

आत्तींच्या भाकरीचं पीठ मळण्याआधी कोमलनं परात अस्थिदाणीखाली धरली. दाणीनं त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्याशी काय ती सल्लामसलत केली आणि कॅल्शियमची पांढरी पूड पिठात सोडली. गडहिंग्लजमध्ये आता घरोघरी हीच तऱ्हा होती. पट्टा ध्वनिलहरींनी हाडांची घनता मोजायचा, दिवसभरात काय खाल्लं ते विचारायचा आणि उणं पडेल तेवढी पूड दाणीकडून घालून घ्यायचा. म्हाताऱ्यांची खुब्याची हाडं मोडायची कमी झाली, तसा लोकांचा त्याच्यावर ग्रामदेवतेपेक्षा जास्त भरवसा बसला.

आत्ती म्हणजे कोमलच्या सासूबाई, अक्काताई चौगुले. गल्लीतली भांडणं एका दमात मिटवणारी ही बाई हल्ली घरातल्या घरात वाट चुकायची. सारखं पाणी मागायची, पोट साफ होत नाही म्हणून कण्हायची, आणि काल तर पोटच्या पोराला 'तुम्ही कोण?' म्हणाली. संग्रामनं तोंड फिरवलं, पण त्याचे डोळे भरलेले कोमलला दिसले. आठवण गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या स्मृतिगृहात त्यानं आईसाठी जागा घेतली. सोमवारी तिला तिथं पोचवायचं होतं.

"आधी डॉक्टरांना दाखवूया," कोमल म्हणाली.

"पट्टा रोज 'उत्तम' म्हणतोय. अजून काय दाखवायचं? वय झालंय तिचं."

कोमलला ते पटलं नाही. वय काय एका वर्षात असं धावत येतं? त्या दिवशी तिनं कामावर रजा टाकली आणि सासूच्या मागंमागं राहायचं ठरवलं.

जेवण झालं. आत्तींना ताट कुठं ठेवायचं ते सुचेना, पण पानाचा डबा मात्र बरोबर हातात आला. पान पुसून त्यांनी बोटभर चुना फासला, घडी घातली आणि गालात धरली. तासाभरात पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत चुन्याची डबी तळाला गेली.

कोमलनं पट्ट्याला विचारलं, "आत्तींचा विडा धरलास का?"

"विड्याची नोंद मिळालेली नाही," पट्टा गोड आवाजात म्हणाला.

अर्ध्या बिस्किटाचीसुद्धा नोंद कोमल इमानेइतबारे करत होती. पण विडा काय कुणी खाण्यात धरतं? तो जेवणानंतर तोंड स्वच्छ करायला! आणि चुना म्हणजे तरी काय, कॅल्शियमच. तो नोंदीत नाही म्हणून पट्टा रोज उणं धरून पूड घालत गेला होता, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं मळून सासूला भरवली होती. तिला स्वतःचाच संताप आला.

"गाडी काढा," ती संग्रामला म्हणाली. "रक्त तपासल्याशिवाय मी आत्तींना कुठंही जाऊ देणार नाही."

"पट्टा खोटं सांगतोय का?"

"त्याला हाडं दिसतात, रक्त दिसत नाही. काढताय, की मी रिक्षा बोलावू?"

गाडी निघाली.

डॉक्टर मुल्लांनी अहवाल पाहून कपाळाला हात लावला. "रक्तात कॅल्शियम भयंकर चढलंय. या वयात जेवणातलं धरून दिवसाला बाराशे मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. सगळं मिळून दोन हजारांच्या वर जाऊ नये. यांचं किती झालं असेल, देव जाणे. मूत्रपिंडं थकतात, मेंदूवर झापड येते. आणि पट्टे आल्यापासून रक्त काढायचं आम्हीही विसरलो."

सलाईन लागलं, पूड आणि चुना बंद झाले. पहिले काही दिवस आत्ती नुसत्या छताकडं बघत पडून होत्या. संग्राम म्हणाला, "उगीच आशा लावून घेऊ नकोस." कोमल उशापासून हलली नाही. मग एका सकाळी आत्तींनी डोळे किलकिले केले आणि खेकसल्या, "संग्राम, दाढी कर की रं! भिकाऱ्यागत दिसतोयस." तो त्यांच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

घरी जायच्या दिवशी आत्तींनी सुनेला जवळ बसवून घेतलं. "खरं सांग पोरी, मला कुठं न्हेणार हुतासा?"

कोमलनं काही न लपवता सगळं सांगितलं. ऐकून आत्तींनी मनगटावरचा पट्ट्याचा वळ चोळला.

"तिथं ज्या बसल्यात," त्या म्हणाल्या, "त्यांचं रगात कुणी तपासलंय काय गं?"