सर शेवटपर्यंत गप्प होते...

पटलं नाही तर सोडून द्या, पण हसू नका. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो मार्सेल माझा सख्खा मामा. आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही.

म्हणजे... एकदाच बोलला. तेच सांगतोय.

हे रात्री घडलं नाही. भर दुपारी घडलं. १४ मार्च १९९९, रविवार. सांडोर गावातलं मामाचं घर.

मामा लहान विमानांचं वायरिंग करायचा. मुंबईतल्या एका हँगरमध्ये नोकरी. दोन सीटच्या विमानात इंजिनाचा आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून दोघांच्या कानांवर हेडसेट, आणि एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायला समोर ऑडिओ पॅनल. ते बसवण्यात मामाचा हात धरणारं कुणी नव्हतं. पॅनलमागची तारांची जुडी तो सुट्टीच्या दिवशी घरीच बांधायचा. टेबल खिडकीपाशी. खिडकीबाहेर केळी.

त्या दुपारी शेवटच्या तारेला सोल्डरचा डाग देऊन झाला. मामाने हेडसेट कानांवर चढवला. बॅटरी अजून जोडायची होती.

तारेची दोन्ही टोकं टेबलावर मोकळी पडली होती...

आणि कानात खरखर सुरू झाली.

मामा थांबला. खरखरीमागे कुणीतरी श्वास घेत होतं.

मग आवाज आला. तुटक तुटक.

"सोड... मी घेतो... सोड..."

मामाने हेडसेट फेकून दिला. मामी, हिल्डा तिचं नाव, आतून धावत आली. तिने तो कानाला लावून पाहिला.

"काही नाही येत. आणि हे तर बंदच आहे, मार्सेल."

मामा खाली बसला. तो आवाज त्याने ओळखला होता.

कॅप्टन श्रीरंग. मामाच्याच हँगरमधले, विमान चालवायला शिकवणारे सर. जानेवारीत गेले होते.

राजोडीच्या किनाऱ्याजवळ त्यांचं विमान पाण्यात पडलं. शिकाऊ मुलगा, कौस्तुभ, वाचला. इंजिन बंद पडलं तर कसं उतरायचं, त्याचा सराव चालला होता. कौस्तुभ घाबरला, विमान चालवायची दांडी घट्ट धरून विमानाचं नाक वर ओढत राहिला, आणि वेग संपून विमान कोसळलं. चौकशीत तो रडत एवढंच म्हणाला, "सर शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, मीच चालवायचंय."

झालं. सगळीकडे तेच. इतका जुना माणूस, आणि ऐन वेळी थिजला. सरांना ओळखणारे लोकही हळू आवाजात तेच बोलू लागले.

पॅनल खाऱ्या पाण्यात भिजून गेलं होतं. त्यातून कुणाला काही कळलं नाही.

कळायचं ते एकट्या मामाला कळत होतं.

अपघाताच्या आदल्या दिवशी सरांनी त्याला सांगितलं होतं, "मार्सेल, माझा आवाज मध्येच जातो रे. बघ जरा."

मामाने बघितलं. हेडसेट जिथे खोचतात त्या जॅकपाशी सरांच्या माइकची तार सुटत होती. जॅक काढून नवा डाग द्यायला तास गेला असता. आणि चार वाजता मामीच्या बहिणीचं लग्न होतं, चर्चमध्ये वेळेवर पोचायचं होतं. त्याने तार पिळली, वर टेप गुंडाळली. विमानाच्या लॉगबुकात 'दुरुस्त केले, तपासले' असं लिहून सही केली.

तपासलं नव्हतं.

त्या दुपारी मामाने हे सगळं मामीला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतोस? माणिकपूरला जा."

माणिकपूरला सरांची बायको राहायची. यमुनाताई, शाळेत शिक्षिका.

पाच वाजता मामा त्यांच्या दारात होता. ताईंनी पाणी दिलं, समोर बसल्या. भिंतीवर सरांचा फोटो होता.

"ताई, एक सांगायचं होतं."

"बोला ना, मार्सेलभाऊ."

मामा बोलला. तार सुटलेली होती, मी नीट जोडली नाही, खोटी सही केली...

ताई तशाच बघत होत्या.

"बोला ना," त्या पुन्हा म्हणाल्या.

मामा परत बोलला. ओठ हलत होते, घशाला कंप जाणवत होता. पण त्याला स्वतःलाही काही ऐकू येत नव्हतं. खाली रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. पंख्याची घरघर ऐकू येत होती.

फक्त त्याचा आवाज तेवढा नव्हता...

तो ओरडला. काहीच नाही.

आणि ताई एकदम उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. मामाकडे नाही, त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत.

"हे... हे बोलतायत."

मामाला काहीही ऐकू येत नव्हतं.

"सोड म्हणतायत. 'सोड, मी घेतो' म्हणतायत." ताईंनी तोंडावर हात घेतला. "म्हणजे हे बोलले होते! गप्प नव्हते बसले हो हे!"

त्या ओक्साबोक्शी रडल्या. मग पुढे होऊन त्यांनी मामाचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही आलात म्हणून ऐकू आलं मला. तुमचे फार उपकार झाले, भाऊ."

मामाने हात सोडवून घेतले.

"चहा टाकते," ताई डोळे पुसत म्हणाल्या.

"नको ताई. येतो मी."

हे स्पष्ट ऐकू आलं. त्यालाही, त्यांनाही.

आवाज परत आला होता... मामा उठला, चपला घातल्या आणि जिना उतरला.

पुढे त्याने ते काम सोडलं, सांडोरलाच रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. ताई भेटेल त्याला सांगायच्या, हे बोलले होते, मी माझ्या कानांनी ऐकलं. लोक मान डोलवायचे आणि मागे म्हणायचे, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. दर दिवाळीला त्यांच्याकडून मामाला फराळाचा डबा यायचा. २००९ मध्ये ताई गेल्या, तोवर एकही दिवाळी चुकली नाही.

त्यांच्या मातीला जाऊन आल्यावर मामाने मला हे पहिल्यांदा सांगितलं.

त्या खोलीत कोण बोललं, मामाचा आवाज कुणी बंद केला, मला माहीत नाही. सरांना मामाला वाचवायचं होतं की त्याच्या तोंडून काही ऐकायचंच नव्हतं, तेही कळत नाही. विचार केला की आजही बेचैन व्हायला होतं.

मी धीर करून म्हटलं, "मामा, तुझा तरी काय दोष? तुझा आवाजच गेला होता."

मामाने मान वर केली नाही.

"दोन मिनिटं गेला होता रे," तो म्हणाला. "पुढची दहा वर्षं होताच की माझ्याकडे."