पाचशेवं माणूस

प्रेमात पडलेल्या माणसाला आकडे दिसत नाहीत, असं म्हणतात. विश्रामला मात्र प्रेमात पडल्यावर एकच आकडा दिसला: चारशे नव्व्याण्णव.

लोकसंख्या पाचशे भरली की आंबेरवाडीचा रस्ता डांबरी करून एसटी सोडू, असं तालुक्याच्या साहेबांनी सरपंचांना सांगितलं होतं. तोवर फाटा ते गाव या सात किलोमीटरवर विश्रामच्या जीपचं राज्य होतं. नऊ जणांच्या जीपमध्ये सतरा बसत. अठरावं आलं, तर विश्राम स्वतः अर्धा बाहेर लटकून गाडी चालवी.

जनगणनेवर नेमलेली शिक्षिका रेवती फाट्यावर उतरली, तेव्हा सतरा भरलेले होते.

"दादा, जागा आहे?"

"हाय की… पण दादा म्हणू नका. गावात बावीस बहिणी हायत, राखी बांधायला हात पुरत न्हाई."

ती हसली नाही. फाइल मात्र तोंडापाशी नेली. तेवढ्यावर विश्रामनं पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या आप्पांना टपावर पाठवलं.

"वर वारं ग्वाड हाय, आप्पा."

"कळतंय मला वारं कुठनं सुटलंय ते," म्हणत आप्पा चढले.

मग ती रोज येऊ लागली. काजूच्या मोहराचा वास, खड्ड्याखड्ड्याला किणकिणणाऱ्या तिच्या बांगड्या… विश्राम खड्डे चुकवायचं विसरला.

"काल हा खड्डा तुम्ही चुकवला होता," एकदा ती म्हणाली.

"काल तुम्ही मागं बसला हुता."

शेवटच्या दिवशी बेरीज झाली. चारशे नव्व्याण्णव. सरपंच शाळेच्या पायरीवरच बसले.

"एक लिवा की, बाई. एकानं काय हुतंय?"

"नसलेलं माणूस मी लिहिणार नाही," रेवती म्हणाली. पण जीपमध्ये बसताना तिचा चेहरा एवढासा झाला होता.

परतीला दोघंच होती. पाचशेवं माणूस कुठं आहे, हे विश्रामला ठाऊक होतं. सांगितलं तर एसटी येणार, आणि मग जीपमध्ये कोंबड्या अंडी घालणार. न सांगितलं तर… त्याला गुरवाची सून आठवली. कळा सुरू झालेल्या त्या पोरीनं दवाखान्यापर्यंत पदर दातांत धरला होता, आणि प्रत्येक खड्ड्याला तिनं नाही, त्यानं देवाचं नाव घेतलं होतं.

ओढ्यापाशी त्यानं जीप थांबवली.

"बाई… एक ऱ्हायलंय. गुरवाच्या घरात. नऊ दिवसांचं."

"त्यांनी तर सहाच सांगितली."

"बारसं झाल्याबिगर मूल मोजत न्हाईत आमच्यात. नजर लागती. मीच आणलंय दवाखान्यातनं."

रेवतीनं मिटलेली फाइल पुन्हा उघडली. "एसटी आली की तुमचं काय?"

"माझं… बघू."

"फिरवा जीप."

गुरवाच्या म्हातारीनं आधी दार अडवलं. मग बाळाच्या गालावर काजळाचा मोठा ठिपका लावला, आणि खबरदारी म्हणून दुसरा रेवतीच्या गालावर. "आता मोज," ती म्हणाली. बातमी ऐकून धावत आलेल्या सरपंचांनी विश्रामचे दोन्ही हात धरले. आप्पा म्हणाले, "पोरा, तुझ्या टपावर मी जन्मभर बसंन."

फाट्यावर रेवती उतरली. गालावरचं काजळ तसंच होतं.

"माझं काम संपलं. उद्यापासून येणार नाही."

"आणि… गावाला पाचशे एकावं माणूस पायजे असलं तर?"

"पुढची मोजणी दहा वर्षांनी."

"मी थांबतो की."

"मी नाही थांबणार," ती फाइलआडून म्हणाली. "रविवारी घरी या. बाबा असतात. आणि… बावीस बहिणी आणू नका."

बावीस आणल्या नाहीत, सतराच बसल्या.

वैशाखात लग्न झालं, दिवाळीच्या आत रस्ता डांबरी झाला. गावात बस वळवायला जागा नसल्यामुळं एसटी अजून फाट्यावरूनच परत जाते.