मागची सीट

परेश चुरींच्या बोळिंजच्या फ्लॅटमध्ये पाहुण्याला चहाआधी इंजिन दाखवलं जायचं. बायकोची, सुरुचीची, तुळस कोपऱ्यात ढकलून गॅलरीत लोखंडी घोडीवर ते बसवलं होतं. ना चाक, ना टाकी, ना सायलेन्सर, नुसतं इंजिन. "सगळं नवीन बरं का," चुरी सांगत, आणि पाहुणा मान डोलावेपर्यंत त्याला सोडत नसत. लेक उन्नतीसाठी ते बनत होतं. तिला हवी होती घरी बांधलेली बाइक, आणि बापाला हवं होतं लेकीने चारचौघांत कौतुकाने सांगावं असं काहीतरी.

सगळं नवीन नव्हतं. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं धडच, वालीवच्या भंगारातून आली होती. भंगारवाला जयराम त्या दिवशी कधी नव्हे ते खरं बोलला. गाडी अपघाताची, चालवणारा पोरगा जागीच गेलेला. "पन शेठ, मागची सीट बघा. कोरी. बिचाऱ्याच्या मागे कधी कोन बसलंच नाय." चुरींनी सीट नको म्हटलं. क्रँककेस मात्र घासूनपुसून घरी आली आणि उंबरा ओलांडताना नवीन होऊन गेली.

पहिल्यांदा तेल खटकलं. भरताना मधासारखं होतं. गळती तपासायला काढलं तर काळंकुट्ट. इंजिन अजून एकदाही चालू झालं नव्हतं. चुरींनी तेलवाल्याच्या नावाने बोटं मोडली. मग एका सकाळी इंजिनाच्या सिलिंडरला हात लागला आणि झटकन मागे घ्यावा लागला. उन्हाने तापलं असेल, म्हणाले. गॅलरी पश्चिमेची, तिथे ऊन दुपारनंतर येतं, हे सुरुचीने चहा गाळता गाळता सांगितलं.

उन्नतीची हल्ली झोप पुरी होत नव्हती. केसांत रोज नवा गुंता.

"स्वप्नात गावभर हिंडतेस की काय गं?" आई चिडवायची. ती हसायची, पण आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी.

इंजिन चालू करायच्या आदल्या दिवशी सुरुचीने हट्टाने पूजा केली. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. चाकच नाही म्हटल्यावर तिने ते घोडीशेजारी फरशीवर ठेवलं. "राहू दे. चाक आलं की चिरडेल," म्हणाली.

सकाळी लिंबू चपटं झालं होतं.

चुरींनी ते उचललं. सालीवर टायरची नक्षी उमटली होती.

पाना घेतला आणि इंजिन खोलायला बसले. नट गरम होते. उन्नती उठून आली, दाराला टेकली.

"पप्पा, खोलताय कशाला? आज चालू करायचंय ना?"

"बाळा, मी खोटं बोललो तुला. हे सगळं नवीन नाहीये. ह्याची गाडी..."

"माहितेय," तिने जांभई दिली. "अपघात झाला होता."

"कोणी सांगितलं?"

ती विचारात पडली. वाकून पाय चोळू लागली.

तेव्हा चुरींना दिसलं. उजव्या पोटरीवर, आतल्या बाजूला, ताजा लालभडक चटका. सायलेन्सरचा. बाइकसाठी आणलेला नवा सायलेन्सर तर अजून गॅलरीत खोक्यातच होता.

आणि तो चटका चालवणाऱ्याला बसत नाही. मागे बसणाऱ्याला बसतो.