उघाडीवरचा शब्द

हसुराम म्हात्रे खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर उभे राहून फोनला शिव्या घालत होते. समोर खाडीला ओहोटी लागली होती, मागे शेतात पावसाचं पाणी गुडघाभर साचलं होतं आणि मधली पोलादी उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, ढिम्म हलत नव्हती. ही ओहोटी हुकली की भाताची रोपं कुजणार होती.

पूर्वी या दाराच्या फळ्या माणसं हातानं उचलत. आता दार स्वतःबद्दल लिहिलेलं संगणकातलं पान वाचून तसं वागायचं. धर्मा पाटलांच्या मुलीनं, विनितानं ते लिहिलं होतं, आणि किनाऱ्यावरच्या साऱ्या उघाड्या आता तसल्याच पानांवर चालत होत्या. गावाला त्याची घमेंड होती, आणि का नसावी? पानात दार हा एक घटक. त्याच्यापुढे त्याचे गुणधर्म: उंची="चार फूट", उघडण्याची वेळ="ओहोटी". आधी नाव, मग अवतरणचिन्हांत किंमत. बांध समितीतल्या कोणालाही फोनवरून बदलता यावं, इतकं सोपं.

गेल्या वादळात समितीचे अध्यक्ष असलेल्या धर्मांनी अंथरुणातून त्यात एकच शब्द घातला होता: बंद. दार मिटलं, गाव वाचलं. पाठोपाठ धर्मा गेले. सुतकात विनिताला कशाला त्रास, म्हणून समितीतले हसुकाका स्वतःच खटपट करत होते. ओटीवरून शेतातलं पाणी पाहून शेवटी तीच बांधावर आली. मागून तिची आईही आली.

"काय लिहिलंत, काका?"

"ह्यो बघ. बंद="नाही". सरल मराठी हाय. तुझ्या दाराला कलत नाय!"

विनिताला रडता रडता हसू आलं. "उंचीला किंमत लागते, काका. 'बंद'ला लागत नाही. तो नुसता असला तरी दार बंद. पुढे 'नाही' लिहा, नाहीतर 'कधीच नाही' लिहा, दार तिकडे बघतच नाही. तो शब्दच काढायला हवा."

काकांनी फोन तिच्या हाती दिला. आधीच्या अध्यक्षाचा शब्द खोडायचा नाही, त्याच्यापुढे आपला जोडायचा, हा समितीचा जुना रिवाज होता.

"धर्माचा शेवटचा शब्द हाय तो. मी कसा पुसू?"

आता विनिताचंही बोट थांबलं. तिलाही तो पुसवेना. बाबांनी तिच्या पानात लिहिलेलं तेवढंच होतं.

"पूस," आई म्हणाली. "त्यांनी शेतासाठी लिवला होता, दारासाठी नाय."

विनितानं शब्द पुसला. दार करकरत वर गेलं आणि पाणी धबाधबा खाडीत पडू लागलं. बांधावर जमलेल्यांनी एकच गलका केला. "धर्माची पोर हाय!" काका ओरडले, जणू दार त्यांनीच उचललं होतं.

मग विनितानं दाराला नवा गुणधर्म जोडला: राखणदार="धर्मा पाटील".

"ह्यानं दार काय करील?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही. नुसतं जवळ ठेवील."

महिन्याभरात शेजारच्या गावांनीही आपापल्या उघाड्यांना बांध राखणाऱ्यांची नावं जोडली. एकाही दाराला त्यांचा उपयोग नव्हता, तरी प्रत्येकानं ती जपली. उद्या बांध राखायला येणारी माणसं ती वाचतील तेव्हा त्यांना आपलंही नाव तिथे असावं, असं वाटेल का?